कानतुटका घोडा

आमचा कारखाना बंद पडला तेव्हा सगळ्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं, एकही मशीन बाहेर जाऊ द्यायचं नाही. पुढारी तेच म्हणाला, सरकार तेच म्हणालं, आमचे हेही तेच म्हणाले. आणि खोटं कशाला बोलू, एकही मशीन बाहेर गेलं नाही. सगळी आतच उभी आहेत. त्यांच्यावर कबुतरं बसतात.

कारखाना कात्र्यांचा होता. शिंप्याची मोठी, काळ्या मुठीची कात्री, घोडा छाप. मी पॅकिंगमध्ये होते आणि हे साचेखान्यात. तापवलेलं लोखंड ज्यात दाबून पातं घडवतात ते साचे करायचं काम ह्यांचं. साचा म्हणजे कारखान्याचा जीव, असं मला बघायला आले तेव्हाच हे बोलले होते. माझ्या वडिलांना वाटलं, मुलगा जरा चक्रम दिसतोय. पण कात्रीची दोन पाती एकमेकांवर घासून घासूनच जमतात, आमचंही तसंच जमलं.

त्या घोड्याची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. प्रत्येक पात्यावर घोड्याचं चित्र उमटवायला एक ठसा होता, अंगठ्याएवढा पोलादी तुकडा. हे नवीन कामाला लागले तेव्हा ह्यांच्या हातून तो फरशीवर पडला आणि घोड्याचा एक कान उडाला. भीतीपोटी हे कोणाला बोलले नाहीत. कान नसलेल्या घोड्याच्या कात्र्या खोकी भरभरून बाजारात गेल्या. मग बोंब झाली. थोरले मालक स्वतः साचेखान्यात आले, ह्यांच्या पाठीत एक धपाटा घातला आणि नवा ठसा करा म्हणाले. तेवढ्यात बाजारातून निरोप आला की शिंपी कानतुटकाच घोडा मागतायत. झालं होतं असं, की आमच्या कात्रीची नक्कल करणारे गल्लीबोळात बसले होते आणि त्यांच्या घोड्याला दोन्ही कान होते. शिंप्यांनी आपलं आपणच ठरवून टाकलं, कान तुटलेला तो अस्सल. मालक पोट धरून हसले आणि म्हणाले, ठेवा तसाच. तेव्हापासून कुठलाही शिंपी दुकानात कात्री उघडायचा, उजेडाकडे धरून घोड्याचा कान बघायचा आणि मगच पिशवीत टाकायचा. साचेखान्यातले लोक ह्यांना चिडवायचे, मिस्त्री, तुमची चूक आमच्या कामापेक्षा जास्त खपते.

थोरले मालक गेले. त्यांच्या मुलांनी कारखाना विकला, ज्यांना विकला त्यांनी पुढे विकला, आणि शेवटी मालक कोण हे मॅनेजरलाही धड सांगता येईना. पूर्वी मालकाला शिव्या द्यायच्या तर त्याला तोंड होतं, घर होतं, एक नखरेल सून होती, तिच्याबद्दल आम्ही पॅकिंगमध्ये मनसोक्त बोलायचो. आता मालक म्हणजे कुठल्याशा देशातल्या कुठल्याशा इमारतीतला एक मजला. मजल्याला काय शिव्या देणार?

त्याच सुमारास सरकारने बाहेरच्या देशांशी करार केला. मंत्री आमच्या आवारात येऊन भाषण करून गेले. सरहद्दीवरचा कर जातोय, तुमच्या कात्र्या आता साऱ्या जगात जातील, सारं जग तुमचा बाजार, असं म्हणाले. आम्ही टाळ्या वाजवल्या. मी पहिल्या रांगेत होते, तळवे लाल होईपर्यंत वाजवल्या. ज्या दारातून बाहेर जाता येतं त्याच दारातून आतही येता येतं, एवढी साधी गोष्ट आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आली नाही. बाहेरच्या स्वस्त कात्र्या बाजारात उतरल्या. आमची एक पाळी बंद झाली, मग दुसरी. एके सकाळी गेटवर कागद चिकटवलेला. काम दुसऱ्या देशात हलवलं जातंय. मॅनेजरला विचारलं तर म्हणाला, तिकडे माणूस स्वस्त आहे. कांदे स्वस्त झालेत म्हणून सांगावं, तसं सांगितलं त्याने.

आता मशीन न्यायला ट्रक येणार, म्हणून पुढाऱ्याने गेटवर ठाण मांडलं. पुढारी म्हणजे भट्टीवरचा माणूस, आवाज भट्टीसारखाच. त्याच्या एका हाकेवर सगळे जमले आणि पाळ्या लावून बसले, जणू काम चालूच आहे. युक्ती मात्र ह्यांची. मशीन कुठेही विकत मिळतं, हे म्हणाले, पण आपले साचे नसतील तर घोडा छाप कात्री होणार कशी? तेव्हा साचे लपवले की मालकाला झक मारत परत यावं लागेल. सगळ्यांना पटलं. मलाही पटलं, कशाला नाही म्हणू. मग ह्यांनी आणि आणखी दोघांनी मिळून सगळे साचे ग्रीस चोपडून, कापडात गुंडाळून जेवणघराच्या फरशीखाली पुरले. कापड गेलं माझं. लग्नात आईने दिलेली, एकदाही न अंथरलेली चादर. मी आरडाओरडा केला तर म्हणाले, साच्याला खरबरीत कापड चालत नाही. आणि मला चालतं, असं मी म्हणाले.

गेटचा नियम एकच होता. बाहेर पडणाऱ्याची झडती. शिपाई असो की साहेब, पिशवी उघडायचीच. झडती हे घ्यायचे, कारण साच्याचा टीचभर तुकडा कोणी नेला असता तरी ह्यांच्या हाताला तो कळला असता. सरकारनेही हुकूम काढला, मशीन जागची हलवायची नाहीत, आणि दोन पोलीस आणून बसवले. एक सरकारी साहेब येऊन म्हणाले, सरकार तुमच्या पाठीशी आहे. पाठीशीच असणार. म्हणून तर आम्हाला त्याचं तोंड कधी दिसलं नाही.

मॅनेजर कायमचा निघाला त्या दिवशी मी गेटवर चहा घेऊन गेले होते, तेव्हा सगळं डोळ्यांदेखत झालं. तो पायी आला, हातात एक कातडी बॅग. ह्यांनी ती टेबलावर ठेवायला लावली आणि उघडली. आत एक टॉवेल, चहाचा कप, बायकामुलांचा फोटो आणि रुमालात बांधलेली एक लहानशी वस्तू. गेटवर सगळे पुढे सरकले. ह्यांनी रुमाल सोडला. आत ठसा.

मॅनेजर म्हणाला, "आठवण म्हणून नेतोय, मिस्त्री. उभी हयात गेली माझी इथे."

ह्यांनी ठसा उलटसुलट केला. पुढारी लांबूनच ओरडला, साचा नाही ना? हे म्हणाले, नाही, घोडा आहे. सगळे हसले. कोणीतरी म्हणालं, न्या न्या साहेब, तसाही तो बहिरा आहे. मीही हसले. ह्यांचा चेहरा मात्र मऊ पडला होता. ठशावर धूळ होती, ती ह्यांनी आपल्या शर्टाच्या बाहीने पुसली, नीट पुसली, खाचाखोचांतून पुसली, आणि ठसा परत रुमालात बांधून मॅनेजरच्या हातात दिला. जपून न्या, असंही म्हणाले. मी मॅनेजरला चहा दिला. तो उभ्या उभ्या प्यायला आणि गेला.

त्यानंतर ट्रक आलेच नाहीत. आमच्या लोकांना वाटलं, घाबरले. पुढाऱ्याने भाषण केलं की ही साच्यांची ताकद आहे. पोलीस पत्ते खेळायचे, आमचे लोक त्यांच्याशी खेळायचे. थंडी आली, गेली. गेटवरच्या माणसांची दाढी वाढली, चपला झिजल्या. हे घरी यायचे ते जेवायला आणि अंघोळीला. छातीत कफ भरला तरी जागा सोडायला तयार नाहीत. मी गेलो आणि त्याच वेळी कोणी साचे काढून नेले तर? हे एकच पालुपद.

पण चूल काही साच्यांवर पेटत नाही. मी एका मोठ्या दुकानात कामाला लागले. सुई ते पलंग सगळं एका छपराखाली विकणारं दुकान, आत इतकं गार की उन्हाळ्यातही स्वेटर घालावा. माल उतरवायचा, खोकी फोडायची, फळ्यांवर लावायचं. गेटवर ह्यावरून कुजबूज झाली, बाहेरचा माल विकणाऱ्याकडे मिस्त्रीची बायको. झाली तर झाली. बोलणाऱ्यांच्या बायकाही माझ्याकडे हळूच विचारून गेल्या, आणखी जागा आहे का म्हणून.

मग माझे धाकटे दीर आले. ते तंत्रशाळेत कारकून आहेत. तिथे साचेकाम शिकवणारे गुरुजी निवृत्त होत होते आणि भाऊजींनी हेडमास्तरांकडे ह्यांच्यासाठी शब्द टाकला होता. हेडमास्तर राजी होते. अट एवढीच, की शाळा उघडायच्या दिवशी सकाळी ह्यांनी समक्ष येऊन हजर व्हायचं, नाहीतर रांगेत दुसरे उभे आहेत. ऐकून मला रडू आलं. पोरांना शिकवायचं, हातात तीच अवजारं, डोक्यावर छप्पर, महिन्याच्या महिन्याला पगार. ह्यांना विचारलं तर म्हणाले, गेट कोण बघणार?

भांडले मी. खूप भांडले. घरात बायको राबते आणि तुम्ही फरशी राखता, असंही बोलले, आणि ते बोलायला नको होतं असं मला अजूनही वाटत नाही. भाऊजींनी समजावलं, दादा, साचे कुठे पळून जातायत? हे म्हणाले, मालक नमत आलाय, अशा वेळी उठलो तर लोक थुंकतील तोंडावर. भाऊजी निघताना मला दाराशी म्हणाले, वहिनी, काहीही करा पण त्या सकाळी त्याला पाठवा. मी म्हटलं, हात बांधून आणीन.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी दुपारी दुकानात नवीन माल आला. मी खोकं फोडलं. वरचा पुठ्ठा काढला आणि हात तिथेच थांबला. काळ्या मुठी. इतकी वर्षं ज्यांना कागदात गुंडाळलं त्या मुठी अंधारातही ओळखल्या असत्या मी. एक कात्री काढली, उघडली, उजेडाकडे धरली. घोडा होता. एक कान नव्हता.

माझ्या शेजारी काम करणारी मुलगी म्हणाली, मावशी, बरं नाही का? मी म्हटलं, नाही, ओळखीचं कोणीतरी भेटलं. एक कात्री मी पगारातून कापून घ्यायला सांगून घरी आणली. वाटेत दोनदा वाटलं, टाकून द्यावी नाल्यात. सांगितलं तर माणूस खचेल, नाही सांगितलं तर उद्याची शाळा जाईल. मग विचार केला, खचलेला माणूस परत उभा राहतो, गेलेली नोकरी राहत नाही.

हे जेवायला आले होते. जेवण होऊ दिलं. मग कात्री पुढ्यात ठेवली.

ह्यांनी आधी ती कानाशी नेऊन उघडमीट केली, ही ह्यांची जुनी सवय. मग जुन्या धोतराच्या चिंधीवर चालवली, आधी टोकाने, मग मुळाशी. मी मनातल्या मनात म्हणत होते, भंगार निघू दे, एका धाग्याला तरी अडकू दे. कात्री सरळ गेली.

"चांगली कापते," हे म्हणाले. "पाणी नीट दिलंय पोलादाला. साचेही नीट केलेत. फक्त मूठ आमच्यापेक्षा एकदा कमी घासलीय, तेवढं काम वाचवलंय त्यांनी." मग पातं दिव्याकडे धरलं. नखाने कानाची खालची कड चाचपली.

मी म्हटलं, "अहो, फोटोवरूनही केला असता त्यांनी. तुम्ही ठसा दिला नसता तरी केला असता."

"केला असता," हे म्हणाले. "चोरून नेला असता तरी चाललं असतं गं मला. मी बाहीने पुसून दिला."

मग पहिल्यांदा मला सगळं उमगलं. मालक लोकांना मशीन नको होती, साचे नको होते, आम्ही तर नकोच होतो. त्यांना फक्त शिंप्यांचा भरवसा हवा होता, आणि तो त्या तुटक्या कानात होता. मशीन नवी घेता येतात, साचे नवे करता येतात. भरवसा तेवढा नवा करता येत नाही. आम्ही लोखंड राखत बसलो, साप साप म्हणून भुई धोपटत बसलो, आणि जे न्यायचं ते रुमालात बांधून आमच्याच हाताने, आमचाच चहा पिऊन गेलं. सरकार मशीनवर पोलीस बसवून होतं आणि त्याच सरकारच्या बंदरावर ह्या कात्र्यांची खोकी शिक्का मारून आत घेतली जात होती. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात. इथे आंधळं पगारी होतं.

सकाळी मी ह्यांचा चांगला शर्ट काढून ठेवला. ह्यांनी तो घातला, भांग पाडला. मला वाटलं, जिंकले. रस्त्याच्या वळणावर शाळा उजवीकडे आणि कारखाना डावीकडे. हे डावीकडे वळले.

मी मागोमाग धावले. म्हटलं, अहो, आधी शाळा, लोकांना संध्याकाळी सांगा, ते कुठे जात नाहीत. हे म्हणाले, माझ्या एका चुकीवर ते इतके दिवस उन्हातान्हात बसलेत, त्यांना आणखी एक दिवस बसवून मी खुर्चीवर जाऊन बसू? मला संताप आला आणि त्याच क्षणी ह्यांचं बरोबर आहे हेही कळलं. दोन्ही एकदम होतं कधीकधी, विशेषतः लग्नात.

गेटवर ह्यांनी कात्री टेबलावर ठेवली, त्याच टेबलावर. सगळं सांगितलं. मग पुढाऱ्याने कात्री उचलली, फिरवली आणि म्हणाला, "नकली आहे ही. आपल्यात फूट पाडायला कोणीतरी केलेली." माझ्याकडे बघून म्हणाला, "आणि कुठल्या दुकानातून आली, तेही दिसतंयच."

"कान बघ," हे म्हणाले. "खालच्या बाजूला एक टवका आहे, केसाएवढा. तो माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हता. तोसुद्धा उचललाय."

पुढाऱ्याने कान बघितला नाही. साचे आपल्याकडे आहेत, तोवर आपण हरलो नाही, असं तो म्हणत राहिला. ह्यांनी पहार घेतली आणि जेवणघरात गेले. सगळे मागे. फरशी उचकटली, माती बाजूला केली आणि गाठोडं वर काढून सोडलं. माझी चादर ग्रीसने काळी झालेली, पण एका टोकाला आईने भरलेलं फूल अजून दिसत होतं. साचे जसेच्या तसे होते. गंजाचा ठिपका नाही, ओरखडा नाही. इतके देखणे साचे आणि त्यांना चोरायलासुद्धा कोणी आलं नव्हतं.

भट्टीवरचा तो आडदांड पुढारी फरशीच्या कडेला बसला आणि लहान मुलासारखा रडला. मी त्याच्यावर चिडलेली होते, तरी माझेही डोळे भरले. दारात पोलीस उभे होते. कोणीतरी त्यांना विचारलं, ह्या कात्र्या देशात येतातच कशा, अडवत का नाही? त्यातला एक शांतपणे म्हणाला, आम्हाला मशीन बघायला सांगितलंय, कात्र्यांचं काही सांगितलेलं नाही.

तिथून मी ह्यांना जवळजवळ ओढत शाळेत नेलं. पोचलो तेव्हा मधली सुट्टीही होऊन गेली होती. भाऊजी फाटकातच उभे होते, आमच्याकडे बघून मान हलवली. आत साचेकामाच्या वर्गात एक गृहस्थ मुलांना अवजारांची नावं सांगत होते. तेही एका बंद पडलेल्या कारखान्यातले. बंद कारखान्यांना काय तोटा. हे खिडकीतून थोडा वेळ ऐकत राहिले आणि म्हणाले, बरा शिकवतोय.

आता गेटवर कोणी बसत नाही. पोलीस उठले, हुकूम मात्र अजून तिथे टांगलेला आहे, म्हणून मशीन हलवता येत नाहीत आणि चालवताही येत नाहीत. साचे आमच्या खाटेखाली आहेत, चादरीत.

ह्यांच्यासाठी मीच दुकानातल्या साहेबांकडे शब्द टाकला. अनुभव काय, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, झडती घेतात, हाताला फार बारीक कळतं. लगेच ठेवून घेतलं. तेव्हापासून हे बाहेरच्या दाराशी निळा गणवेश घालून उभे असतात. गिऱ्हाइकाची पिशवी उघडायची, पावती बघायची आणि सोडायचं.

परवा एक म्हातारा शिंपी आला होता. माझ्याच फळीवरून त्याने कात्री घेतली, पैसे भरले आणि दाराशी गेला. ह्यांनी पिशवी उघडली. आतली कात्री शिंप्याने स्वतःच बाहेर काढली, उघडली, बाहेरच्या उजेडाकडे धरली आणि खुशीत येऊन ह्यांना दाखवू लागला. बघा, म्हणाला, कान तुटका आहे, अस्सल माल आहे, आजकाल फसवतात हो लोक.

ह्यांनी कात्री हातात घेतली. मी लांबून बघत होते. पात्यावर खोक्यातली धूळ होती थोडी. ह्यांनी ती बाहीने पुसली आणि कात्री परत त्याच्या पिशवीत ठेवली.

"अस्सल आहे," हे म्हणाले. "जपून न्या."